खेळपेटीचा जीर्णोद्धार

(नभोवाणीवरील भाषण)



जीर्णोद्धार हा शब्द आपण सहसा देवळासाठी वापरतो. गाभारा तोच ठेवायचा, मूर्ती तीच ठेवायची आणि ढासळलेला मंडप, गळका कळस, खचलेला ओटा एवढे नव्याने उभारायचे, असा त्याचा रूढ अर्थ आहे. गेल्या पावसाळ्यात मी ज्या वस्तूचा जीर्णोद्धार केला तिच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा झाला. मंडप, कळस, ओटा सारे जागच्या जागी राहिले आणि गाभारा तेवढा रिकामा करून त्यात दुसरेच काही आणून बसवावे लागले. ही वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमची पेटी होय.

माझे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. तेव्हा हा गृहस्थ ह्या वयात खेळपेटी कशाला उघडून बसला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आमच्या घरात लहानमोठे सगळेच दादा म्हणतात, दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने आजारी पडले. दैव बलवत्तर म्हणून ते उठले, हिंडूफिरू लागले. परंतु उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखी चालेनात आणि स्मरणशक्तीही थोडी घसरली आहे, असे डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले. दादा मितभाषी. आजारानंतर ते अधिकच गप्प झाले. बोलू लागले की बोलायचे मात्र १९८४ सालचे. त्या काळी इथे बडोद्यात आमच्या घराजवळ एका अरुंद गाळ्यात चार-पाच व्हिडिओ गेमची यंत्रे आली होती. रुपयाला एक डाव. दादा तेव्हा बावीस वर्षांचे, नोकरीच्या शोधात. मी शाळा संपवून कॉलेजात जाण्याच्या बेतात. पिवळ्या रंगाचे एक गोल तोंड, त्याने चक्रव्यूहातले ठिपके खात सुटायचे आणि चार भुतांनी त्याच्या पाठीस लागायचे, असा तो पॅक-मॅन नावाचा खेळ दादा इतका सुरेख खेळत की गाळ्याचा मालक इतर गिऱ्हाइकांना थांबवून त्यांचा डाव पाहावयास सांगे.

दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, परदेशातली नोकरी सोडून कायमचा परत आला, तेव्हा त्याने सामानातून अशी एक पेटी वडिलांसाठी आणली. ती मूळची पुरुषभर उंचीची, नाणे टाकून चालणारी जुनी पेटी नव्हे. गेल्या काही वर्षांत हौशी लोकांच्या घरासाठी बनू लागलेली तिची लहान बहीण म्हणा ना! उंची चार फुटांच्या आत-बाहेर, अंग दाबीव भुश्शाच्या फळ्यांचे, वर चित्राची पाटी, मध्ये सतरा इंची चपटा पडदा आणि खाली एक दांडी व काही बटणे. दांडी डाव्या बाजूस असल्यामुळे दादांच्या चांगल्या हाताला ती सोयीची होती. पेटी आली, बैठकीत उभी राहिली आणि दादांनी चार दिवस तिला हात लावण्यापूर्वीच एका वादळी रात्री विजेचा दाब चढून तिच्या आतला बोर्ड जळाला. सकाळी कळ दाबली तर पडदा काळाच.

पुतण्या म्हणाला, "काका, आतला बोर्ड काढून टाकू आणि त्या जागी रास्पबेरी पाय बसवू. मग हाच काय, पाहिजे ते जुने खेळ चालतील."

रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्त संगणक आहे. इंग्लंडमध्ये मुलांना संगणकाची विद्या शिकता यावी म्हणून तो तयार झाला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला. मुलांपेक्षा प्रौढांनीच त्याचे नाना उद्योग केले, आणि त्यांतला एक म्हणजे जुने खेळ चालवणे.

मला ही सूचना प्रथम रुचली नाही. एखाद्या जुन्या पेटीचे आतडे काढून तिच्यात परकी वस्तू कोंबणे मला मढ्याला दागिने घालण्यासारखे वाटले. आणि हा आक्षेप अगदीच वेडगळ नाही. अमेरिकेत ह्या शतकाच्या आरंभी अनेक हौशी लोकांनी १९८० च्या सुमाराच्या अस्सल पेट्या अशाच पोखरल्या, मूळचे बोर्ड आणि काचेच्या नळीचे पडदे भंगारात टाकले. आणि आज तिथले संग्राहक त्याबद्दल हळहळतात. परंतु पुतण्याने मला निरुत्तर केले. आमच्या पेटीत १९८० चे असे काही नव्हतेच! अशा घरगुती पेट्यांतून एका आधुनिक चिपवर जुन्या खेळाची नक्कलच चाललेली असते. म्हणजे जळाली तीही नक्कल आणि बसवायची तीही नक्कल. अस्सल जुनी पेटी असती तर तिला मी स्क्रू-ड्रायव्हर लागू दिला नसता, हे मात्र येथे नोंदवून ठेवतो.

आता ही नक्कल म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. तिला एम्युलेटर म्हणतात. पॅक-मॅन हा खेळ जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी रचला आणि १९८० साली तो लोकांपुढे आला. त्याच्या यंत्रात झेड-८० नावाचा प्रोसेसर होता. सेकंदाला सुमारे तीस लाख ठोक्यांनी तो चाले. खेळाची सारी आज्ञावली सोळा किलोबाइटांत मावे. मी आत्ता जे भाषण वाचून दाखवीत आहे ते संगणकात साठवले, तर त्याला ह्याहून अधिक जागा लागेल! ही आज्ञावली झेड-८० च्या भाषेत आहे आणि आजच्या प्रोसेसरला ती भाषा येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवायचा. त्याने एकेक जुनी आज्ञा वाचायची, झेड-८० ने ती ऐकून जे केले असते तेच करून दाखवायचे, आणि हे सर्व त्याच गतीने करायचे. अशा दुभाष्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जो मेम, त्याची पहिली आवृत्ती निकोला साल्मोरिया ह्या इटालियन गृहस्थाने १९९७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केली. पुढे शेकडो लोकांनी त्यात भर घातली. २०१६ पासून तर त्याची सारी घडण कोणालाही वापरण्यास खुली आहे.

ह्यात खरी कसोटी वेगाची नसून मंदपणाची आहे. आमचा रास्पबेरी पाय नुसत्या ठोक्यांच्या हिशेबाने झेड-८० च्या साडेचारशे पट चपळ. त्याला मोकळे सोडले तर पॅक-मॅन डोळ्यांना दिसायच्या आत मरेल. म्हणून त्याला सारखे थांबवून धरावे लागते. आणि थांबवायचेही अजमासाने नव्हे. स्पेस इन्व्हेडर्स ह्या १९७८ सालच्या खेळाचे उदाहरण घ्या. तोमोहिरो निशिकादो यांनी तो ताइतो कंपनीसाठी केला. पडद्यावर पंचावन्न शत्रू रांगेने उतरत येतात. त्या वेळच्या प्रोसेसरला पंचावन्न चित्रे एकदम हलवणे झेपत नसे. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगे आणि दर वेळी तो एकच शत्रू हलवी. साहजिकच जसजसे शत्रू मरत, तसतसे उरलेले वेगाने धावू लागत. यंत्राच्या दुबळेपणातून आलेली ही गोष्ट निशिकादोंनी ठेवून दिली आणि तीच त्या खेळाची जान ठरली. दुभाष्याने उत्साहाच्या भरात हा दोष सुधारला, तर खेळच मेला! पॅक-मॅनमध्येही दोनशे छप्पन्नाव्या फेरीला अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण फेऱ्या मोजणारा आकडा आठ बिटांत मावेनासा होतो. चांगला एम्युलेटर तो कचराही जसाच्या तसा उतरवतो.

पेटीचे जे पेटीत राहते ते मात्र दुभाष्याच्या हाती लागत नाही. त्याच स्पेस इन्व्हेडर्सचा पडदा काळा-पांढरा होता. रंग दिसत ते वर चिकटवलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. त्या पट्ट्या काही आज्ञावलीत नाहीत.

असो. आम्ही कामाला लागलो. पेटीची मागची फळी काढली तेव्हा माझी भीती निम्मी पळाली. आत पोकळीच फार! तळहाताएवढा जळका बोर्ड, त्यातून पडद्याकडे गेलेली एक चपटी तीसपदरी केबल, कर्ण्याच्या दोन तारा आणि दांडी-बटणांकडून आलेला वायरींचा झुबका, एवढाच संसार. प्रत्येक बटणाखाली एक लहानसा स्विच असतो आणि त्याला दोन वायरी. एक सर्व बटणांची सामाईक, ती एकातून दुसऱ्यात माळेसारखी ओवलेली. दुसरी ज्याची त्याची स्वतंत्र. दांडी म्हणजे तरी काय? चार दिशांना चार स्विच. ह्या सर्व वायरी एका स्वस्त यूएसबी बोर्डात खोचल्या की संगणकाला वाटते आपल्याला कोणी तयार खेळ-नियंत्रकच जोडला आहे. डाख देण्याचेही काम पडले नाही.

पडद्याने मात्र आमची परीक्षा पाहिली. जुन्या बोर्डाबरोबर पडदा चालवणारा भागही गेला होता. म्हणून त्याच जातीच्या पडद्यासाठी आज्ञा भरलेला नवा चालक-बोर्ड मागवला. त्यावर तीन खुंट्यांची एक जागा असते. इवलीशी टोपी कुठल्या खुंटीवर बसवाल त्याप्रमाणे पडद्याला ३.३, ५ किंवा १२ व्होल्ट मिळतात. आमचा पडदा ५ व्होल्टचा आणि टोपी आली होती १२ वर बसून. पुतण्या वीज जोडणार, इतक्यात मी, केवळ हिशेबनिसाच्या सवयीने, पडद्यामागच्या चिठ्ठीवरचा आकडा दुसऱ्यांदा वाचला. नाहीतर जळक्या बोर्डाला जळक्या पडद्याची सोबत झाली असती. ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांनी सारे विसरले तरी ही टोपी विसरू नये. तसेच पेटीचा मूळ अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा असतो आणि रास्पबेरी पायला लागतात ५. त्याला वेगळा आणि दमदार पुरवठा द्यावा. तो अपुरा पडला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची लहान खूण चमकू लागते आणि खेळ अडखळतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाने शिकलो. जुन्या पेट्यांतील आज्ञावली कायमची कोरलेली असे. दुकानदार रात्री सरळ मुख्य बटण बंद करी आणि काही बिघडत नसे. इथे सारे एका मेमरी-कार्डावर असते आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. आमचे पहिले कार्ड आठ दिवसांत असेच गेले. मग कार्डावर काही लिहिलेच जाऊ नये, नुसते वाचले जावे, अशी व्यवस्था केली. उच्चांकांची नोंद त्यामुळे राहत नाही. ती आता वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर करतात.

एका रविवारी संध्याकाळी पेटी पुन्हा उजळली. दादांना खुर्ची दिली. त्यांनी डाव्या हाताने दांडी धरली आणि पहिल्या दुसऱ्या वळणावरच त्यांचा पॅक-मॅन भलत्या गल्लीत शिरून मेला. तीनदा तसेच झाले. दादा उठले. "हे ते नव्हे," एवढेच म्हणाले.

मला वाटले, हात राहिला नाही त्याला कोण काय करणार? पण मी स्वतः खेळून पाहिले तेव्हा माझाही गडी तसाच चुकू लागला. दोष दांडीत होता. पॅक-मॅनची मूळ दांडी चारच दिशांना जाते. आमची दांडी आठ दिशांची. वर नेता नेता ती किंचित तिरपी झाली की वरचा आणि बाजूचा असे दोन्ही स्विच एकदम दबत आणि वळण चुके. दांडीखाली चौकोनी भोकाची एक प्लॅस्टिकची पट्टी असते. ती पंचेचाळीस अंशांनी फिरवून बसवली की भोकाचे कोपरे बरोबर चार मुख्य दिशांना येतात आणि तिरपे जाणेच खुंटते. काम दहा मिनिटांचे. पण ह्या दहा मिनिटांच्या कामावाचून लाख पट चपळ संगणकही फुकट!

दादांना पुन्हा बसवले. आता वळणे साधली. हात सरावला. परंतु थोड्या वेळाने ते पुन्हा थांबले. इथे एक सांगायला हवे, की पॅक-मॅनची भुते स्वैर धावत नाहीत. त्यांच्या पाठलागाचे नियम ठरलेले आहेत. खेळणाऱ्याने प्रत्येक वेळी तंतोतंत तीच वाट घेतली तर तीही तंतोतंत तसाच प्रतिसाद देतात. म्हणून जाणते खेळाडू वाटा पाठ करीत. दादांना अशी एक वाट पाठ होती. चाळीस वर्षांनी त्यांच्या हाताने ती काढली आणि अर्ध्यावर भुताने त्यांना गाठले. पुन्हा गाठले. "हे ते नव्हे," दादा म्हणाले, "त्यात भिंती नाहीशा व्हायच्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. भिंती नाहीशा व्हायच्या, हे दादा आजारानंतर अनेकदा बोलले होते आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या घसरलेल्या स्मृतीत आम्ही ते जमा करून टाकले होते. मीही त्या गाळ्यात जात असे. पण मला तसे काही आठवेना. मी त्यांची समजूत घातली, की दादा, तो दुसरा एखादा खेळ असेल. ते काही बोलले नाहीत.

पुढे एकदा रात्री मेममधल्या खेळांची सूची वाचीत बसलो होतो. वाचनीय गोष्ट आहे. तिच्यात मूळ खेळांच्या बरोबरीने त्यांच्या चोरट्या नकलाही नोंदलेल्या असतात. कारण त्या काळी लोकप्रिय खेळाचे बोर्ड सर्रास उतरवून, थोडे फेरफार करून, भलत्याच नावाने विकले जात. तिथे पॅक-मॅनच्या नकलांत १९८१ ची हँगली-मॅन नावाची एक नोंद सापडली. तिची माहिती काढली. ह्या नकलेत चक्रव्यूहाच्या भिंती मधूनच दिसेनाशा होतात.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तरी मी दादांच्या खोलीत गेलो. ते जागेच होते. त्यांना वाचून दाखवले. आमच्या गाळ्यात आलेले यंत्र असल्याच नकली बोर्डाचे असणार, आणि मूळ खेळात त्यांची वाट लागू पडली नाही ह्यात नवल ते काय, असे म्हणालो. दादा बराच वेळ छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "मी सांगत होतो." त्यांच्या उत्तरात राग नव्हता. मला मात्र तो असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी दादांनी विचारले, तो खेळ पेटीत बसवता येईल का? इथे मी अडकलो. हे जुने खेळ म्हणजे बेवारशी माल असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच गणली आहे. ती कायदेशीरपणे ज्याच्यापाशी आहे त्याला सुरक्षिततेसाठी प्रत ठेवता येते. मूळ पॅक-मॅनसाठी कंपनीला पैसे देऊन ही पेटी घेतली होती. जळाला तो बोर्ड. तेव्हा तोच खेळ आम्ही पुन्हा बसवला त्याबद्दल माझे मन मला खात नाही, मग वकील काय म्हणतील ते म्हणोत. पण ही नक्कल? ती जन्मतःच चोरीची. तिचा कर्ता पुढे येणार नाही आणि मूळ मालक तिला कधी विकणार नाही. म्हणजे सरळ मार्गाने ती मिळण्याची वाटच नाही. आणि ज्यांनी ती उतरवून, नोंदून, जपून ठेवली, त्यांनी ते केले नसते तर आम्ही दादांना आजही भ्रमिष्ट समजत राहिलो असतो. ह्या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. हिशेबाच्या वहीत अशा रकमेला आम्ही अनामत खाते उघडतो. तसेच ते ठेवले आहे.

तूर्त पेटीत मूळ पॅक-मॅन आहे आणि कर्त्यांनी व मालकांनी बिनव्यापारी वापरासाठी मोकळे केलेले काही थोडे खेळ आहेत. त्यांत पॉली-प्ले नावाचे एक प्रकरण आहे. पूर्व जर्मनीतल्या कार्ल-मार्क्स-श्टाट शहरातील सरकारी कारखान्याने १९८५ च्या सुमारास काढलेले ते यंत्र. एकाच पेटीत आठ खेळ आणि प्रोसेसर झेड-८० चीच त्यांनी घरी केलेली प्रतिकृती. ते राज्य १९९० साली लयाला गेले, त्या शहराचेही नाव पालटून पुन्हा केम्निट्झ झाले, आणि त्यांचा फुलपाखरे पकडण्याचा खेळ बडोद्यात आमच्या वहिनी दुपारी खेळतात.

दादा चार वाजता चहा झाला की बसतात. जुनी वाट त्यांनी सोडून दिली; मूळ खेळाची नवी वाट स्वतःच शोधीत आहेत आणि तिची आकृती डाव्या हाताने वहीत काढतात. रेघा वाकड्या येतात, पण येतात. परवा ते पाचव्या फेरीला पोचले. तिथे फळ म्हणून सफरचंद मिळते. कॅलेंडरावर आकडा लिहून वहिनींनी विचारले, "काय, जमला ना आता हा खेळ?"

"जमला," दादा म्हणाले, "पण भिंती दिसत असल्या की फार सोपा आहे."